पुंजी बुडणार तर नाही ना? निवृत्तांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बँकेत तेहेतीस वर्षं काढली, त्यातली निम्मी काउंटरवर. आता दर गुरुवारी संध्याकाळी ज्येष्ठ नागरिक संघाच्या खोलीत बसतो. लोक पिशवीतून पासबुकं काढतात, रबरबँड सोडतात आणि प्रश्न बहुतेक तेच ते असतात. शब्द बदलतात, भीती एकच: आयुष्यभराचं जमवलेलं एका सकाळी गेलं तर? तेच प्रश्न इथे उत्तरांसकट लिहून ठेवतो, म्हणजे गुरुवारची रांग जरा छोटी होईल.

मी कोणाचा एजंट नाही आणि कशावरही कमिशन घेत नाही. व्याजदर आणि मर्यादा लिहिताना लागू होत्या तशा दिल्या आहेत. पोस्टाच्या योजनांचे दर सरकार दर तीन महिन्यांनी जाहीर करतं, त्यामुळे पैसे ठेवायच्या दिवशी खिडकीवर एकदा विचारून घ्या.

फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून ४० लाख आले. सगळे एकाच बँकेत आहेत. बँक बुडाली तर किती मिळतील?

विम्यातून ५ लाख. बाकीच्या ३५ लाखांचं काय होईल ते बँकेच्या मालमत्तेवर, विलीनीकरणावर आणि तुमच्या नशिबावर.

हा ठेव विमा रिझर्व्ह बँकेची उपकंपनी, ठेव विमा महामंडळ, देते. १९९३ पासून मर्यादा १ लाख होती, ४ फेब्रुवारी २०२० पासून ती ५ लाख झाली. हप्ता बँक भरते, तुम्हाला कुठलाही फॉर्म भरावा लागत नाही. लोकांचा घोटाळा होतो तो हिशेबात. ५ लाख एका पावतीला नाहीत, एका शाखेलाही नाहीत. त्या बँकेच्या सगळ्या शाखांतलं तुमचं बचत खातं, रिकरिंग, मुदत ठेवी हे सगळं एकत्र धरून, तेही व्याजासकट, ५ लाख. म्हणजे मुद्दल ४,८०,००० आणि साठलेलं व्याज ३५,००० असेल, तर वरचे १५ हजार विम्याबाहेर राहतात.

म्हणून छोट्या बँकेत ठेवायचंच असेल तर ५ लाखांची गोल पावती करू नका. ४ लाख ठेवा. साडेसात टक्क्यांनी, तिमाही चक्रवाढीने, तीन वर्षांत त्याचे साधारण ४,९९,९०० होतात. हा हिशेब मी इतक्या जणांना कागदाच्या मागे करून दिलाय की आता पाठच झालाय.

संयुक्त खात्याची एक गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. नवऱ्याच्या एकट्याच्या नावावरचं वेगळं धरतात, बायकोच्या एकटीच्या नावावरचं वेगळं. दोघांचं संयुक्त खातं तिसरं. आणि संयुक्त खात्यात नावांचा क्रम उलटा केला, पहिलं बायकोचं आणि दुसरं नवऱ्याचं, तर ते चौथं. चारही ठिकाणी पाच-पाच लाख. एकाच बँकेत नवरा-बायकोचे २० लाख असे विम्याच्या छत्राखाली येतात. पावती नूतनीकरणाला आली की त्याच वेळी नावं फिरवून घ्या, मधेच मोडलीत तर दंडाचं व्याज जाईल.

अजून एक. त्याच बँकेचं कर्ज तुमच्या अंगावर असेल, तर ते वजा करून उरलेल्या ठेवीवर विमा मिळतो.

पण ते ५ लाख मिळायला किती वर्षं लागतात? रुपी बँकेचं आम्ही पाहिलंय.

ते पाहिलेल्यांना मी समजावायला जात नाही, त्यांचं ऐकून घेतो. पुण्यातली शंभरीची बँक. फेब्रुवारी २०१३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले, म्हणजे ठेवी काढण्यावर बंधन, आणि परवाना रद्द झाला २०२२ मध्ये. निर्बंध आल्या दिवशी ज्यांची साठी झाली, ते सत्तरीला टेकले. जुन्या कायद्याप्रमाणे बँक अवसायनात निघेपर्यंत, म्हणजे कायमची बंद करून तिची मालमत्ता विकायला निघेपर्यंत, किंवा तिचं विलीनीकरण होईपर्यंत विमा हातात पडत नसे, आणि निर्बंधांची मुदत सहा-सहा महिन्यांनी वाढतच जायची.

२०२१ मध्ये कायदा बदलला. आता निर्बंध लागू झाल्यापासून ९० दिवसांत विम्याची रक्कम मिळायची तरतूद आहे. पहिले ४५ दिवस बँक यादी आणि अर्ज गोळा करते, पुढच्या ४५ दिवसांत महामंडळ तपासून पैसे देतं. त्या पहिल्या दीड महिन्यात तुमचं केवायसी आणि दुसऱ्या चालू बँकेतल्या खात्याचा तपशील लागतो. दुसरं खातंच नसेल तर अडता. पेन्शनचं खातं आणि ठेवी एकाच बँकेत नकोत, याचं मुख्य कारण हेच.

५ लाखांच्या वरचं मात्र लांबतं. पीएमसी बँकेवर २३ सप्टेंबर २०१९ ला निर्बंध आले तेव्हा सुरुवातीला सहा महिन्यांत फक्त १,००० रुपये काढता येणार होते. पुढे टप्प्याटप्प्याने ती मर्यादा १ लाखापर्यंत गेली. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली, तेव्हा मोठ्या ठेवीदारांची उरलेली रक्कम टप्प्यांत, शेवटचा हप्ता दहा वर्षांनी, असं ठरलं. उलट उदाहरणही आहे. न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेवर १३ फेब्रुवारी २०२५ ला निर्बंध आले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती सारस्वत बँकेत विलीन झाली. तिथल्या ठेवीदारांचं सहा महिन्यांत मार्गी लागलं. आपली बँक यातल्या कुठल्या वाटेने जाईल हे आधी सांगता येत नाही.

गोव्याहून एक गृहस्थ मुलीकडे आले होते, त्यांनी विचारलं म्हणून लिहितो: म्हापसा अर्बनचा परवाना एप्रिल २०२० मध्ये गेला, मडगाव अर्बनचा २०२१ मध्ये. नियम तिथेही हाच.

म्हणजे सहकारी बँकेत ठेवायचंच नाही का?

असं मी म्हणत नाही. माझं स्वतःचं एक खातं सहकारी बँकेत आहे आणि तिथे मला नावाने हाक मारतात. मोठ्या बँकेत टोकन नंबरने मारतात.

पण तुम्ही तिथले सभासद आहात, तर वार्षिक अहवाल घरी येतो तो रद्दीत घालू नका. संचालकांचे फोटो सोडून द्या, ताळेबंदाची पानं उघडा. निव्वळ एनपीए, म्हणजे थकलेली कर्जं, किती टक्के, मागच्या वर्षी किती होता? भांडवल पर्याप्तता, म्हणजे तोटा झेलायला बँकेचं स्वतःचं भांडवल, किती? नफा झाला की तोटा, लाभांश दिला का? तीन वर्षांचे अहवाल शेजारी-शेजारी ठेवले की बारावी शिकलेल्या माणसालाही कळतं गाडी कुठे चाललीय ते. आणि सभेला जा. चहा-सामोसा घेऊन परत येऊ नका, कर्ज थकवणारे पहिले दहा कोण ते विचारा. नावं सांगणार नाहीत, पण उत्तर कोण देतं आणि खाली कोण बघतं ते दिसेल.

पतसंस्था ११ टक्के देते. ओळखीचेच संचालक आहेत. ठेवू का?

नको.

आता कारण सांगतो, आणि तेही माझ्याच खिशातलं. बँकेत नोकरी करणाऱ्या माणसाने करू नये ते मी केलं होतं. आमच्या भागातल्या एका पतसंस्थेत २ लाख ठेवले, दीड टक्का जास्त मिळतो म्हणून. अध्यक्ष रोज सकाळी फिरायला माझ्याबरोबर असायचे. पिग्मीवाला रोज संध्याकाळी दारात, पावसात प्लॅस्टिकच्या पिशवीत मशीन गुंडाळून यायचा. माणूस इतका नेमाने येतो म्हणजे संस्था नेमाने चालते, असं मनाने धरलं. एका सोमवारी तो आला नाही. मंगळवारी शटर अर्धं खाली होतं आणि आत एक मुलगी सगळ्यांना ‘साहेब बाहेरगावी गेलेत’ सांगत होती. ती पावती अजून माझ्या फायलीत आहे. वर सोनेरी छपाईत कलश आहे, फार सुबक. आजवर ३० हजार आले.

पतसंस्था म्हणजे बँक नव्हे, बोर्डावर अक्षरं कितीही मोठी असोत. तिला रिझर्व्ह बँकेचा परवाना नसतो, ती सहकार खात्याच्या देखरेखीखाली असते. ठेव विमा महामंडळाचे ते ५ लाख तिथे लागू नाहीत. ‘मल्टिस्टेट’ असेल तर नोंदणी दिल्लीच्या केंद्रीय निबंधकाकडे, म्हणजे तक्रार घेऊन जायला तालुक्याचं ऑफिससुद्धा हाताशी नाही. मराठवाड्यात आणि नगर पट्ट्यात अशा संस्थांच्या दारात रांगा लावलेले शिक्षक, एसटीतले वाहक आणि ऊस घालून पैसे आणलेले शेतकरी सगळ्यांनी पाहिलेत.

दर हाच पहिला इशारा असतो. स्टेट बँक सात-साडेसातच्या आत देते तेव्हा कोणी ११ देत असेल, तर तो कर्ज १५-१६ ने देतोय. आणि १६ टक्क्यांनी कर्ज कोण घेतं? ज्याला दुसरीकडे कुठे मिळत नाही तो.

आधीच ठेवलेत आणि आता देत नाहीत. काय करू?

पावत्यांच्या झेरॉक्स काढा आणि मूळ पावती कोणालाही देऊ नका, ‘नूतनीकरण करून देतो’ म्हणाले तरीही. लेखी मागणी करा, पोच घ्या. जिल्हा उपनिबंधकाकडे तक्रार द्या. आणि पोलिसात जा. महाराष्ट्रात ठेवीदारांच्या हितरक्षणाचा १९९९ चा कायदा आहे, बोलताना सगळे ‘एमपीआयडी’ म्हणतात. त्यात संचालकांची मालमत्ता जप्त करून, विकून ठेवीदारांना वाटता येते. मोठी रक्कम असली की तपास आर्थिक गुन्हे शाखेकडे जातो. एकट्याने जाऊ नका, पंधरा-वीस जण एकत्र जा. पोलीस ठाण्यात गठ्ठा जास्त ऐकू येतो.

वेळ लागतो. जप्ती लवकर होते, लिलाव होत नाही. हे पैसे या वर्षीच्या औषधपाण्यात धरू नका.

पोस्ट बुडेल का?

नाही. पोस्टातल्या बचतीमागे थेट केंद्र सरकार आहे, त्यामुळे तिथे ५ लाखांची मर्यादा वगैरे प्रश्नच येत नाही. ज्याला झोप प्यारी आहे त्याने आधी पोस्टाची खिडकी गाठावी. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत एकाला ३० लाखांपर्यंत ठेवता येतात (२०२३ आधी १५ होते). दर ८.२ टक्के धरला तर पूर्ण ३० लाखांवर दर तिमाहीला ६१,५०० रुपये व्याज. ही योजना बँकेतही उघडता येते. मासिक उत्पन्न योजनेत एकट्याला ९ लाख, संयुक्त १५ लाख. ७.४ टक्क्यांनी ९ लाखांवर महिन्याला ५,५५०.

पण पोस्टातही लोक पैसे घालवतात, फक्त हळूहळू. पाच वर्षांची मुदत संपली की ज्येष्ठ नागरिक योजना आपोआप पुढे चालत नाही. फॉर्म भरून तीन वर्षांसाठी वाढवावी लागते. नाही वाढवलीत तर पुढे फक्त बचत खात्याचं व्याज मिळतं. आमच्या संघातले एक गृहस्थ दर तिमाहीला व्याज आलं नाही म्हणून पोस्टाला शिव्या घालत होते. मुदत संपून चौदा महिने झाले होते. पासबुकात तारीख लिहिलेली होती, वर चहाचा डाग.

एजंटाच्या हातात रोख पैसे द्यायचे तर पासबुकात नोंद त्याच आठवड्यात बघा. एजंट कितीही जुना असो.

‘मुंबई पोलीस’ म्हणून व्हिडिओ कॉल आला. माझ्या आधारवर मनी लाँडरिंगची केस आहे म्हणाले. खरंच अटक होते का?

‘डिजिटल अरेस्ट’ नावाची गोष्ट आपल्या कायद्यात नाही. व्हिडिओवर अटक होत नाही, व्हिडिओवर चौकशीसाठी डांबून ठेवता येत नाही, आणि ‘तपासणीसाठी’ तुमची एफडी कुठल्याही सरकारी खात्यात जमा करायची नसते. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ‘मन की बात’मध्येही हेच सांगितलं होतं.

हा प्रश्न मी मुद्दाम सविस्तर घेतो. गेल्या दोन वर्षांत आमच्या संघात बुडालेल्या पैशांची बेरीज केली तर बँका मागे पडतात, फोन पुढे जातो.

आमच्याकडच्या एक निवृत्त मुख्याध्यापिका. उभ्या आयुष्यात कोणाचा एक रुपया ठेवला नाही, म्हणूनच घाबरल्या. सकाळी साडेनऊला कॉल. समोर खाकी, मागे अशोकस्तंभ. दुपारपर्यंत फोन चालू ठेवायला लावला, ‘कॅमेऱ्यासमोरून हलू नका, मुलाला सांगितलंत तर त्यालाही आत घेऊ.’ मग बँकेत पाठवलं, फोन पर्समध्ये चालूच. एफडी मोडायचं कारण विचारतील, तर ‘मुलाच्या फ्लॅटसाठी’ सांगा, हेही शिकवून ठेवलेलं. काउंटरवरच्या मुलीने स्लिप पाहिली आणि विचारलं, ‘काकू, दादा तर कॅनडात असतो ना? फ्लॅट कुठे घेतोय?’ बाई रडायला लागल्या. त्या मुलीने फोन पर्समधून काढून बंद केला. १२ लाख वाचले. टोकन नंबरच्या बँकेत हे झालं असतं का, माहीत नाही.

पैसे गेलेच असतील तर १९३० ला फोन. त्याच मिनिटाला, मुलाला सांगायच्या आधी, देवापुढे बसायच्या आधी. पैसे दुसऱ्या-तिसऱ्या खात्यात सरकायच्या आत गोठवता आले तर परत मिळायची आशा असते. मग सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार आणि बँकेला लेखी. तुम्ही ओटीपी कोणाला दिला नसेल आणि बँकेचीही चूक नसेल, तर तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास ग्राहकाची जबाबदारी शून्य, असा रिझर्व्ह बँकेचा २०१७ चा नियम आहे. स्वतः ओटीपी दिला असेल तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. म्हणजे इथेही घड्याळच.

नोव्हेंबरमध्ये हयातीच्या दाखल्याच्या नावाने फोन येतात. ‘पेन्शन थांबेल, ओटीपी सांगा.’ आणि वर्षभर व्हॉट्सअॅपवर वाहतूक दंडाच्या, लग्नपत्रिकेच्या नावाने फाइल येते, शेवटी ‘एपीके’ असं असतं, म्हणजे फोनमध्ये अॅप बसवणारी फाइल. पत्रिका एपीके नसते. ती दाबायची नाही.

बँकेतल्याच साहेबांनी सांगितलं, ‘एफडीपेक्षा चांगलं आहे, गॅरंटीड.’ सही केली. आता कळतंय विमा आहे.

पॉलिसी हातात आल्यापासून ३० दिवसांच्या आत परत करता येते. थोडी कपात होऊन पैसे मिळतात. आजच जा, लेखी द्या, पोच घ्या. साहेब ‘पुढच्या आठवड्यात बघू’ म्हणतील, कारण त्यांना महिन्याचं टार्गेट असतं. मलाही असायचं. मीही दोन-चार जणांच्या गळ्यात मारल्यात आणि त्यातले एक अजून रस्त्यात भेटले की मी पलीकडच्या फुटपाथला जातो.

सही करण्याआधी एकच प्रश्न विचारायचा: ‘ही तुमच्या बँकेची मुदत ठेव आहे का? हो किंवा नाही.’ येस बँकेचं लक्षात ठेवा. मार्च २०२० मध्ये निर्बंध आले, ५० हजारांची मर्यादा लागली, पण दोन आठवड्यांच्या आत उठली आणि ठेवीदारांचा एक पैसा गेला नाही. त्याच बँकेचे ‘एटी-१’ बाँड, म्हणजे बँक अडचणीत आली तर बुडू शकणारे रोखे, मात्र, सुमारे ८,४१५ कोटींचे, शून्यावर लिहिले गेले. प्रकरण कोर्टात गेलं. आपल्याला एफडीसारखंच म्हणून ते विकलं, अशी तक्रार करणाऱ्यांत ज्येष्ठ नागरिक बरेच होते. बँक तीच, कागद वेगळा.

शेअर बाजार कोसळला तर म्युच्युअल फंडातलं जाईल?

कमी होईल. जाईलच असं नाही. २०२० च्या जानेवारीत सेन्सेक्स ४२ हजारांवर होता, २३ मार्चला २६ हजारांच्या खाली गेला आणि नोव्हेंबरमध्ये परत जागेवर आला. ज्याला मार्चमध्ये बायपासला पैसे हवे होते, त्याचं नुकसान खरं झालं. ज्याला नको होते त्याने दहा महिने नुसती धास्ती खाल्ली. म्हणून पुढच्या पाच वर्षांत लागणारा पैसा शेअरच्या फंडात नको. त्यापलीकडचं थोडं असू दे.

मग सगळंच एफडीत ठेवतो. ते तर सुरक्षित?

आकडा सुरक्षित राहतो. आज महिन्याला ४० हजारांत घर चालत असेल आणि महागाई ६ टक्के राहिली, तर बारा वर्षांनी त्याच घराला ८० हजार लागतील. गॅस तोच, भाजी तीच, गोळ्या दोन जास्त. या प्रश्नासाठी अजून एकही माणूस रांगेत उभा राहिलेला नाही, आणि साठीत निवृत्त होऊन नव्वदीपर्यंत जगणाऱ्याचं सगळ्यात जास्त हेच नेतं.

मुलाला धंद्यासाठी पैसे हवेत. नाही कसं म्हणू? निदान जामीन तरी राहू का?

हा प्रश्न कोणी खोलीत विचारत नाही. सगळे गेले की जिन्यात विचारतात.

जामीनकीचं आधी. जामीन म्हणजे ‘नुसती सही’ नव्हे. कायद्याने जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि बँकेने आधी मुलाच्या मागे लागावं असं बंधन नाही. तिला जो सापडेल तो, आणि सापडता तुम्ही, कारण तुमचा पत्ता बदलत नाही. सहकारी संस्थेने सहकार कायद्याच्या कलम १०१ चा वसुली दाखला घेतला की नोटीस जामीनदाराच्याही दारावर लागते. पेन्शन आणि पीपीएफवर कोर्टाची जप्ती येत नाही हे खरं, पण तुमच्या बाकीच्या बचतीला ते संरक्षण नाही.

पैसे द्यायचेच असतील, तर जेवढे परत आले नाहीत तरी तुमचं दोघांचं चालेल तेवढेच द्या आणि ते दिले असं धरून विसरा. ‘उसने’ म्हणून देऊन दिवाळीला त्याच्या तोंडाकडे बघत बसण्यापेक्षा ते बरं. बाकीचं नाकारताना कारण द्यायला जमत नसेल, तर माझं नाव सांगा. ‘संघातले ते बँकवाले म्हणाले, पाच वर्षं मोडता येत नाही.’ चार घरांत मी असा खलनायक आहे.

आणि राहतं घर मुलाच्या नावावर करायची घाई नको. करणारच असाल तर बक्षीसपत्रात ‘आमचा सांभाळ करण्याच्या अटीवर’ हे वाक्य घालून घ्या. आई-वडील आणि ज्येष्ठांच्या २००७ च्या कायद्याच्या कलम २३ नुसार, सांभाळ केला नाही तर असा व्यवहार रद्द करून मागता येतो, अर्ज प्रांतांकडे करायचा. अट कागदावर असली की वाद कमी. वकील म्हणतील ‘नातं खराब दिसतं’. दिसू दे. घाबरून कोणाशी बोलावंसं वाटलं तर ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आहे.

पीएफ अजून काढलाच नाही. तिथेच राहू दे?

व्याज चांगलं आहे म्हणून लोक ठेवतात. पण पंचावन्ननंतर निवृत्त झालात आणि ३६ महिने काढला नाहीत, की खातं निष्क्रिय होतं आणि व्याज थांबतं. तीन वर्षं पुरी व्हायच्या आत काढा. आधार, बँक खातं आणि ई-नामांकन आत्ताच जुळवून ठेवा. नावातल्या एका वेलांटीसाठी वर्षभर खेटे घालणारे आहेत.

नॉमिनी टाकलाय. म्हणजे पैसे त्याचेच ना?

नाही. नॉमिनीच्या हातात बँक पैसे देते, ते वारसांसाठी सांभाळायला. मालक वारस किंवा मृत्युपत्रात ज्याचं नाव तो. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक ठेवीला चार नॉमिनी लावता येतात, टक्केवारीसह. पण मृत्युपत्र त्याने टळत नाही.

‘ह्यांनी कुठे काय ठेवलंय मला काहीच माहीत नाही.’

हे वाक्य मी दर महिन्याला ऐकतो, आणि बहुतेक वेळा तेराव्यानंतर. पैसे बुडालेले नसतात. कोणाला सापडत नसतात, एवढंच.

दोनशे पानी वही घ्या. डाव्या पानावर बँक, शाखा, खात्याचे शेवटचे चार आकडे, नॉमिनी. उजव्या पानावर पावतीची रक्कम आणि मुदत संपायची तारीख. पिन किंवा पासवर्ड वहीत नको. वही घरातल्या दोन माणसांना ठाऊक हवी आणि त्यातली एक बायको. आमच्या एका वहिनींनी यजमानांकडून हे लिहून घ्यायला सहा रविवार घेतले. तो ‘तुला काय करायचंय’ म्हणायचा, त्या ‘बरं’ म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा वही घेऊन बसायच्या. सहाव्या रविवारी एक पावती निघाली, जी त्याला स्वतःलाही आठवत नव्हती.

जुनं काही सापडत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या ‘उद्गम’ पोर्टलवर नाव आणि पॅन घालून शोधता येतं. दहा वर्षं कोणी हात न लावलेल्या ठेवी रिझर्व्ह बँकेच्या निधीत जातात, पण हक्क जात नाही. वारसाला बँकेकडूनच परत मागता येतात.

गुरुवारी येताना काय आणू?

पासबुकं मशीनवर छापून आणा, नाहीतर मला सहा महिने जुना आकडा बघून सल्ला द्यावा लागतो. पावत्यांच्या झेरॉक्स आणा, मूळ घरी. आलेला संशयास्पद मेसेज पुसू नका, तसाच दाखवा. आणि वाचायचा चष्मा आणा. मागच्या गुरुवारी चौघांनी माझाच वापरला, आणि एक जण तो घालून घरी गेले.